शेवटचे दोनशे मीटर

धावण्याचं शास्त्र : भाग ६

म्युनिक ऑलिंपिक, २ सप्टेंबर १९७२. पुरुषांच्या ८०० मीटरची अंतिम शर्यत सुटते आणि पांढरी गोल्फ टोपी घातलेला अमेरिकेचा डेव्ह वॉटल सुरुवातीलाच सगळ्यांच्या मागे पडतो. थोडाथोडका नव्हे, चांगलाच मागे. पुढे केनियाचे माइक बॉइट आणि रॉबर्ट ओउको शर्यत खेचतात. दुसऱ्या फेरीत सोव्हिएत संघाचा येव्हगेनी अर्झानोव्ह आघाडी घेतो. वॉटल बाहेरच्या बाजूने एकेकाला गाठत येतो, शेवटच्या सरळ पट्ट्यात केनियाच्या दोघांना मागे टाकतो आणि अगदी रेषेवर अर्झानोव्हला गाठतो. वेळ १ मिनिट ४५.८६ सेकंद. फरक फक्त ०.०३ सेकंदाचा.

ही शर्यत पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, काय शेवट केला, काय वेग काढला! आता त्याच्या प्रत्येक २०० मीटरच्या नोंदवलेल्या वेळा पाहा : साधारण २६.४, २६.९, २६.४ आणि २६.२ सेकंद. वॉटलने शेवटी वेग काढलाच नव्हता. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत तो जवळपास एकाच गतीने धावला. बाकीचे सात जण सुरुवातीला त्याच्याहून जोरात गेले आणि शेवटी त्याच्याहून मंदावले. आपल्या डोळ्यांना मात्र तो झेपावतो आहे असंच दिसलं.

मध्यम पल्ल्याच्या शर्यतीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. आपल्याकडे ‘वेग’ आणि ‘दम’ या दोन वेगळ्या पिशव्यांतल्या गोष्टी समजल्या जातात. जो शेवटी पुढे येतो त्याच्याकडे वेग आहे आणि जो मागे पडतो त्याला दम नाही, असा निवाडा मैदानाच्या कडेला उभं राहून दिला जातो. प्रत्यक्षात शेवटचे २०० मीटर हे या दोन्हींचं मिळून उत्तर असतं. त्यात कुणाचा वाटा किती हे नुसतं पाहून कळत नाही, त्यासाठी मोजावं लागतं.

गेल्या आठवड्यात आपण ४०० मीटर पाहिली. तिथे प्राणवायूवर चालणाऱ्या ऊर्जेचा वाटा निम्म्याहून कमी असतो. स्पेन्सर आणि गॅस्टिन या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत हा वाटा ४०० मीटरला सुमारे ४३ टक्के, ८०० मीटरला ६६ टक्के आणि १५०० मीटरला ८४ टक्के निघाला. जुन्या पुस्तकांत ८०० मीटरसाठी यापेक्षा बरेच कमी आकडे असत आणि त्यामुळे कित्येक प्रशिक्षक आठशेच्या धावपटूला ‘लांबवलेला चारशेवाला’ समजून तयार करत. दोन मिनिटांच्या आतल्या शर्यतीत दोन तृतीयांश काम फुप्फुसं, हृदय आणि रक्त यांच्या जोरावर होतं, हे अनेकांना आजही पटत नाही.

पण उरलेला एक तृतीयांश भागच शर्यत अवघड करतो. पूर्ण जोराने धावताना पहिले काही सेकंद स्नायू आपल्यातला तयार साठा, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, वापरतात. त्याच वेळी साखर प्राणवायूशिवाय मोडून ऊर्जा मिळवणंही सुरू होतं. ही वाट झटपट ऊर्जा देते, पण तिच्यामुळे स्नायूंतली आम्लता वाढत जाते. प्राणवायूची यंत्रणा मात्र पूर्ण क्षमतेला पोहोचायला पाऊण मिनिट ते एक मिनिट घेते. म्हणूनच ८०० मीटरचे बहुतेक विश्वविक्रम पहिली फेरी जलद आणि दुसरी मंद अशा पद्धतीने झाले आहेत. जोरदार सुरुवातीने प्राणवायूची यंत्रणा लवकर जागी होते आणि पुढच्या फेरीत तिचा उपयोग होतो. डेव्हिड रुडिशाने लंडनला २०१२ साली १:४०.९१ चा विक्रम केला, तो पेसमेकर नसताना, पहिल्यापासून स्वतः आघाडीवर राहून. त्याची पहिली फेरी ४९.२८ सेकंदांची होती आणि दुसरी ५१.६३ ची. त्याच शर्यतीत आठवा आलेला अँड्र्यू ओसागी १:४३.७७ मध्ये धावला. ही वेळ २००० ते २००८ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून गेली असती. तोवर इतक्या खोलीची आठशेची शर्यत झालेली नव्हती, असं मी निःशंकपणे म्हणेन.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. प्रत्येक धावपटूचे दोन वेग मोजता येतात. एक, थेट स्प्रिंट मारताना गाठलेला कमाल वेग. दुसरा, प्राणवायूची यंत्रणा जास्तीत जास्त जोरात चालली असताना जो वेग मिळतो तो. सुदृढ माणूस तो साधारण पाच-सहा मिनिटं टिकवू शकतो. या दोन वेगांमधल्या अंतराला आपण ‘वेगाची शिल्लक’ म्हणू. आठशेची शर्यत याच शिलकीत धावली जाते. प्राणवायूच्या कमाल वेगाच्या वर धावायचं, पण किती वर जायचं आणि किती वेळ, हे शिलकीच्या आकारावर ठरतं.

कल्पनेतले दोन धावपटू घेऊ. पहिल्याचा कमाल वेग सेकंदाला १० मीटर आणि प्राणवायूचा वेग ६ मीटर. त्याची शिल्लक ४. दुसऱ्याचा कमाल वेग ९ मीटर, प्राणवायूचा वेग ६.८, शिल्लक २.२. दोघांनाही आठशे १:४४ मध्ये धावायची आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ७.७ मीटर. पहिल्याला त्यासाठी आपल्या शिलकीचा ४२ ते ४३ टक्के भाग वापरावा लागेल, दुसऱ्याला ४१ टक्के. म्हणजे दोघेही रेषेवर जवळपास बरोबरीने येतील. निकालपत्रकात दोघांची नावं शेजारी छापली जातील आणि कुणालाही वाटेल की हे सारखेच धावपटू आहेत.

मग त्यांना १५०० मीटरला उतरवा, सेकंदाला ७.१ मीटरच्या गतीने. पहिल्याची शिल्लक २७ टक्क्यांहून अधिक खर्च होते, दुसऱ्याची १४ टक्क्यांच्या आसपास. ही शर्यत दुसऱ्याची आहे. चारशेला उतरवा, ४६ सेकंदांच्या गतीने, तर पहिल्याला ६७-६८ टक्के लागतात आणि दुसऱ्याला ८६. ती शर्यत पहिल्याची. संशोधक गॅरेथ सँडफर्ड यांनी अलीकडच्या वर्षांत नेमक्या याच दृष्टीने जगातल्या अव्वल आठशेवाल्यांचा अभ्यास केला आणि त्यांचे तीन प्रकार केले : चारशेकडे झुकलेले, फक्त आठशेचे, आणि पंधराशेकडे झुकलेले. मला ही विभागणी फार मोलाची वाटते, कारण ती प्रशिक्षकाला ‘हा आठशेचा पोरगा’ एवढ्यावर थांबू देत नाही.

खऱ्या धावपटूंमध्ये हे झुकाव ढळढळीत दिसतात. क्युबाचा अल्बर्टो हुआंतोरेना घ्या. माँट्रियल १९७६ मध्ये त्याने ४०० मीटर ४४.२६ सेकंदांत आणि ८०० मीटर १:४३.५० मध्ये जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये या दोन्ही शर्यती जिंकणारा पुरुषांमध्ये तो एकटाच. पुढच्या वर्षी सोफियात त्याने ८०० मीटरचा विक्रम १:४३.४४ वर नेला. त्याच्या चारशेची दुप्पट केली तर ८८.५२ सेकंद येतात, म्हणजे दोन फेऱ्यांसाठी त्याला सुमारे १५ सेकंदांची भर द्यावी लागली. सेबॅस्टियन को याची चारशेची सर्वोत्तम वेळ ४६.८७, म्हणजे हुआंतोरेनापेक्षा अडीच सेकंदांहून अधिक मंद. पण आठशेचा त्याचा विक्रम १:४१.७३ (फ्लॉरेन्स, १९८१). त्याची भर फक्त आठ सेकंदांची. एक फेरी धावायची असती तर को हुआंतोरेनाच्या जवळपासही फिरकला नसता. दोन फेऱ्यांत मात्र तो त्याच्याहून जवळपास पावणेदोन सेकंद जलद होता. ‘वेगवान कोण?’ हा प्रश्न अंतर सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही.

तिसरं टोक म्हणजे मोरोक्कोचा हिशाम एल गेरूज. १९९८ मध्ये रोमला त्याने १५०० मीटर ३:२६.०० मध्ये धावली आणि तो विक्रम आजही उभा आहे. त्याची ८०० मीटरची सर्वोत्तम वेळ मात्र १:४७.१८ आहे. तो ही शर्यत फारशी धावत नसे, हे लक्षात ठेवूनही हिशोब थक्क करतो. पंधराशेच्या विक्रमाच्या गतीने ८०० मीटर होतात १:४९.८७ मध्ये, म्हणजे आपल्या सर्वोत्तम आठशेपेक्षा केवळ २.७ सेकंद मंद. अथेन्स २००४ मध्ये त्याने १५०० आणि ५००० अशी दोन्ही सुवर्णपदकं घेतली, ती प्राणवायूच्या याच इंजिनाच्या जोरावर.

माँट्रियलच्या त्या ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत आपला एक माणूस होता, आणि त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. राजस्थानचे, राजपुताना रायफल्समधले श्रीराम सिंग. इलियास बाबर त्यांचे प्रशिक्षक. हुआंतोरेनासारखा चारशेवाला शेजारी असताना श्रीराम सिंगांनी घंटेपर्यंत आघाडी घेतली. पहिली फेरी ५०.८५ सेकंदांची. ते सातवे आले, वेळ १:४५.७७. दुसरी फेरी त्यांना ५४.९ सेकंदांची पडली, हुआंतोरेनाला ५२.६ ची. हुआंतोरेनाने आपल्या विक्रमाचं श्रेय पुढे त्यांच्या त्या जोरदार सुरुवातीलाही दिलं. श्रीराम सिंगांचा राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत, तब्बल ४२ वर्षं टिकला. गुवाहाटीत जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ ची वेळ देऊन तो मोडला. आघाडी घेतल्यामुळे त्यांचं पदक गेलं असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. सरळ स्प्रिंटमध्ये ज्याला हुआंतोरेना सहज मागे टाकेल, त्याने शर्यत संथ ठेवून शेवटच्या शंभर मीटरवर सोपवणं म्हणजे हार आधीच मान्य करणं. आपली ताकद जिथे आहे तिथे त्यांनी शर्यत नेली.

संथ शर्यतीत काय होतं याचा नमुना रिओ २०१६. पुरुषांच्या १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत पहिल्या दोन फेऱ्यांना सव्वादोन मिनिटांहून अधिक वेळ लागला. मॅथ्यू सेंट्रोविट्झ ३:५०.०० मध्ये जिंकला, १९३२ नंतरची ही सर्वांत मंद विजेती वेळ. त्याची शेवटची फेरी होती ५०.६२ सेकंदांची. काही आठवड्यांनी त्याच स्टेडियममध्ये पॅरालिंपिकच्या टी-१३ गटात दृष्टिबाधित धावपटू अब्देलतीफ बाका ३:४८.२९ मध्ये जिंकला. आठ वर्षांनी पॅरिसला कोल हॉकरला सुवर्णपदकासाठी ३:२७.६५ वेळ द्यावी लागली. शर्यतीचं नाव एकच, पण रिओत शिल्लक मोठी असणाऱ्याला संधी होती आणि पॅरिसला आधी इंजिन लागत होतं.

मग सराव कशाचा करायचा? या प्रश्नावर गेली साठ वर्षं दोन घराणी भांडत आली आहेत. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने पीटर स्नेलसारख्या आठशेवाल्याला आठवड्याला शंभर मैलांपर्यंत पळवलं, ऑकलंडजवळच्या डोंगरातून २२ मैलांच्या फेऱ्या घालायला लावल्या. स्नेलने १९६० साली रोममध्ये ८०० मीटर जिंकली, १९६४ साली टोकियोत ८०० आणि १५०० दोन्ही. १९६२ मध्ये ख्राइस्टचर्चला त्याने १:४४.३ चा विश्वविक्रम केला, तोही गवताच्या ट्रॅकवर. पुढे हाच स्नेल अमेरिकेत डॅलसला शरीरक्रियाशास्त्राचा संशोधक झाला आणि आपल्याच सरावाचं स्पष्टीकरण त्याने शोधलं : लांब धावेत स्नायूंच्या मंद तंतूंमधला साखरेचा साठा संपत आला की शरीर जलद तंतूंनाही कामाला लावतं आणि त्यांनाही प्राणवायू वापरायची सवय लागते. दुसरीकडे पीटर को हे पेशाने अभियंता. त्यांनी मुलाला, सेबॅस्टियनला, कमी मैलांत वेगवेगळ्या शर्यतींच्या गतीने वर्षभर पळवलं, टेकड्या चढवल्या, व्यायामशाळेत ताकद कमावून घेतली. दोन्ही घराण्यांनी ऑलिंपिक विजेते दिले. माझं मत असं की स्नेल आणि को मुळात निरनिराळी शरीरं होती, आणि दोघांच्याही प्रशिक्षकांनी ग्रंथापेक्षा समोरच्या मुलाकडे नीट पाहिलं.

महाराष्ट्रात हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८०० आणि १००. मुलांच्या बाबतीत हे तेच दोन आकडे आहेत, ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत. १६०० मीटरचा सरासरी वेग प्राणवायूच्या वेगाच्या जवळ जातो आणि १०० मीटरवरून कमाल वेगाचा अंदाज येतो. समजा, एक मुलगा १०० मीटर १२ सेकंदांत आणि १६०० मीटर ५ मिनिटं ४० सेकंदांत धावतो. दुसऱ्याला १०० मीटरला साडेतेरा सेकंद लागतात, पण १६०० तो बरोबर पाच मिनिटांत संपवतो. पहाटे मैदानावर या दोघांना एकाच रांगेत उभं करून रोज ४०० मीटरच्या त्याच दहा फेऱ्या मारायला लावणं हे दोघांचंही नुकसान आहे. पहिल्याला आठवड्यातून तीन-चार दिवस निवांत, बोलता येईल इतक्या गतीने अर्धा-पाऊण तास धावू द्या. त्याचे मिनिट-सेकंद तिथे दडलेले आहेत. दुसऱ्याला ताजं असताना, पूर्ण विश्रांती देऊन, ४० ते ६० मीटरच्या थोड्याच पण खऱ्या स्प्रिंट द्या, चढावर द्या. दमलेल्या पायांनी काढलेली स्प्रिंट ही स्प्रिंट नसते.

मुलींच्या आठशेला आणखी एक गोष्ट जपा. त्यांची शर्यत आपल्याकडे बहुधा तीन मिनिटांच्या आसपास चालते, म्हणजे ऑलिंपिकच्या आठशेपेक्षा प्राणवायूचा वाटा आणखी मोठा. पहिले दोनशे मीटर सुसाट पळून मग चालायला लागणाऱ्या मुली दर भरतीत दिसतात. त्यांना दम नाही असं म्हणण्याआधी पहिल्या दोनशेची वेळ मोजा.

पुढच्या आठवड्यात : ३००० मीटर स्टीपलचेस. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० ची वेळ दिली आणि सुवर्णपदक ०.०५ सेकंदाने हुकलं. अडथळे आणि पाण्याची उडी या हिशोबात कुठे बसतात, ते पाहू.