गिअरबॉक्स बदलला, पण फ्लायव्हीलचं काय?

आज कोड नाही, क्लच. आमच्या भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. पण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या जड चकतीचं, म्हणजे फ्लायव्हीलचं महत्त्व मला शिकवलं ते मामाच्या जीपने.

मामाने जुन्या डिझेल जीपला चारऐवजी पाच गिअरचा बॉक्स बसवला. त्याचा क्लच बसावा म्हणून फ्लायव्हीलही दुसऱ्याच इंजिनचं, भंगारातून आणलेलं. गाडी निघाली, पण रेस वाढवली की सीट, आरसा, सगळंच थरथरायचं. धानाची पोती न्यायचे दिवस, आणि मिस्त्री म्हणे, "बॉक्सच खराब आहे, परत खोला."

मी म्हटलं, मामा, थांबा. बग शोधताना एकेक भाग बाजूला काढतात, तसंच करू. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस दिली, थरथर होतीच. म्हणजे चाकं आणि प्रोपेलर शाफ्ट सुटले. क्लच दाबला, तरी तीच थरथर. म्हणजे गिअरबॉक्सही सुटला, कारण क्लच दाबला की त्याचा इंजिनशी संबंध तुटतो. इंजिन तर आधी ठीकच चालत होतं. उरलं फ्लायव्हील आणि त्यावरची प्रेशर प्लेट.

नागपूरला बॅलन्सिंग मशीनवर फ्लायव्हील चढवलं. केंद्रापासून बारा सेंटीमीटरवर, एका बाजूला सुमारे दहा ग्रॅम जास्त! दहा ग्रॅमने काय होतं? हिशोब करा: 3000 आरपीएमला तेवढं वजन साधारण 12 किलोच्या जोराने बाहेर ओढतं, तेही सेकंदाला पन्नास फेऱ्या. आरपीएम दुप्पट झाला की जोर चौपट. हा मार क्रँकच्या बेअरिंगवर बसतो.

मग सगळी फ्लायव्हील अगदी समतोलच करायची का? नाही. सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा क्रँक बहुधा स्वतःच समतोल असतो, त्याला समतोल फ्लायव्हील लागतं. पण काही इंजिनांना मुद्दाम एका बाजूला जड ठेवलेलं फ्लायव्हील लागतं. फोर्डच्या 302 व्ही-8 ला 1970 च्या दशकात 28 औंस-इंचाचं लागायचं, नंतरच्या मॉडेलना 50 चं. दिसायला सारखी, पण अदलाबदल केली की इंजिन थरथरणारच.

म्हणून लक्षात ठेवा: फ्लायव्हीलचा समतोल इंजिनाशी जुळवायचा, गिअरबॉक्सशी नाही. जुनं फ्लायव्हील फेकू नका. दोन्ही मशीनवर न्या आणि जुन्याप्रमाणे नवं जुळवून घ्या. प्रेशर प्लेट काढण्याआधी खूण करा, म्हणजे ती परत त्याच जागी बसेल.

मामाच्या फ्लायव्हीलला जड बाजूला दोन भोकं पाडली. बॉक्स उतरवावा लागलाच, पण फेकावा लागला नाही. आता आरसा स्थिर आहे, मामाही.