निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणातील घरांची पुनर्रचना : सौंदर्य आणि सुरक्षितता

प्रस्तावना :
दिनांक 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड किनाऱ्यावर धडकले. ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड व दापोली परिसरातील असंख्य घरांची छपरे उडाली. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. सह्याद्री ओलांडून आलेल्या या वादळाची झळ हिंजवडी ज्या तालुक्यात येते त्या मुळशीलाही बसली. पावसाळा तोंडावर असताना मिळेल त्या पत्र्याने छप्पर झाकणे भागच होते. परंतु ही तातडीची सोयच कायमची ठरली, तर घराचे रूप जाते आणि धोकाही उरतो. म्हणून पुनर्रचनेची तत्त्वे प्रस्तुत लेखात मांडली आहेत.

छप्पर उडण्याची कारणे :
छपरावरून वारा वाहताना वरच्या बाजूस हवेचा दाब घटतो व छप्पर वर खेचले जाते. दार-खिडकी मोडल्यास आत शिरलेला वारा खालूनही रेटा देतो. पारंपरिक बांधकामात मात्र छपराचे वजन पेलण्याचाच विचार प्रामुख्याने झालेला असतो. भिंतीवर केवळ टेकवलेले वासे हा उचल रोखू शकत नाहीत.

परंपरेतील सामर्थ्य व उणीव :
सुमारे 30 अंशांचा उतार असलेल्या छपरावर कमी उताराच्या छपरापेक्षा वर खेचणारा जोर कमी पडतो. चारही बाजूंनी उतरते चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा वाऱ्याला अधिक चांगले तोंड देते. म्हणजे कोकणी घराचा डौल ज्या उतारात आहे, त्यातच त्याची सुरक्षितताही आहे. उणीव आहे ती सांध्यांत.

पुनर्रचनेची तत्त्वे :
1. जांभ्याच्या भिंतींना दारा-खिडक्यांच्या वर व छपराच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा द्यावा. त्यात लोखंडी पट्ट्या रोवून वासे जखडावेत.
2. कडेची व कोपऱ्यांतील कौले तारेने वा स्क्रूने बांधावीत. तेथे वाऱ्याची ओढ सर्वाधिक असते.
3. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून स्वतंत्र ठेवावे. म्हणजे पडवी उडाली तरी घर वाचते.
4. वाडी वारा अडवते म्हणून ती पुन्हा लावावी. मात्र उंच झाडे घरापासून अंतरावर असावीत.

भारतीय मानक 15498 (2004) मध्ये कमी उंचीच्या घरांच्या चक्रीवादळरोधक बांधणीविषयी मार्गदर्शन आहे. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या मानकात पायाभूत वेग पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर, तर मुंबईसाठी 44 मीटर धरला आहे. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा फरक सुमारे 27 टक्क्यांचा होतो. हिंजवडीत नोकरी करणाऱ्याने गावाकडील घराचा आराखडा येथे करून घेताना हे विशेष ध्यानात घ्यावे.

निष्कर्ष :
उतरते छप्पर, पडवी व वाडी ही कोकणी घराची शोभा होय आणि योग्य बांधणी केल्यास तेच त्याचे संरक्षणही होय. छपरापासून पायापर्यंतचा प्रत्येक सांधा जखडणे, हीच पुनर्रचनेची पहिली अट होय.