कार्बनची जोडी आणि कारागिराची रोजी

हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क माण गावापर्यंत पसरले, तशी येथे घरे-दुकाने उठली आणि फर्निचरचे काम वाढले. हे काम करणाऱ्या सुतार बंधूंची रोजी विजेच्या हातकरवतीवर, म्हणजे कटरवर, चालते. तिच्यातील एका लहानशा भागाविषयी आम्ही लिहीत आहोत.

मागे ईदच्या तोंडावर आम्ही माणमध्ये कापडाचे रॅक बनवून घेत होतो. कटरमधून मोठ्या ठिणग्या पडत होत्या, मशीन मध्येच थांबे. कारागीर म्हणाला, "चाचा, कार्बन घासलेत, बदलून आणतो." आम्ही म्हणालो, "आणखी दोन प्लाय काप, मग जा." दुसऱ्या प्लायला धूर निघाला आणि आर्मेचर जळाले. कार्बनची जोडी थोडक्या पैशांत येते. आर्मेचरला त्याच्या कितीतरी पट खर्च आला, शिवाय दोन दिवस काम बंद. खर्च आम्ही भरला, कारण घाई आमची होती.

कार्बन म्हणजे ग्रॅफाइटचे दोन तुकडे. स्प्रिंगच्या दाबाने ते फिरत्या आर्मेचरवरील तांब्याच्या पट्ट्यांना टेकून वीज पोचवतात. स्वतः झिजून ते तांबे वाचवतात. लांबी ५-६ मिलिमीटर उरली की ते बदलावेत.

आधी प्लग काढावा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. दोन्ही बाजूंची टोपणे पेचकसाने उघडावीत. काही मशीनचे मागचे कव्हर काढावे लागते. मशीन शिरोळच्या (जि. कोल्हापूर) केपीटीचे असो की बॉश-मकिताचे, दुकानात मॉडेल नंबर सांगावा व जुना कार्बन दाखवावा. जाड कार्बन कानशीने घासून बसवू नये. खाचेतील भुसा व काळी पूड झटकावी. दोन्ही कार्बन एकदमच बदलावेत आणि ते खाचेत सहज सरकतात ना, हे पाहावे. नंतर मशीन काही मिनिटे रिकामे चालवावे, म्हणजे कार्बनचे तोंड नीट बसते. तरीही मोठ्या ठिणग्या पडल्या तर मेकॅनिककडे न्यावे.

एक जादा जोडी पेटीत असू द्यावी. हजरत जकरिया (अलै.) सुतारकाम करीत; या हुन्नराला मोठा मान आहे. आम्हा काम देणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, कारागीर हत्याराच्या दुरुस्तीसाठी वेळ मागतो तेव्हा त्याला अडवू नये. त्यातच दोघांचा फायदा आणि कामात बरकत आहे.