पार्श्वसंगीत कोणाचं? स्वतंत्र चित्रपटाच्या संगीतकाराविषयी

गेल्या दोन व्याख्यानांत आपण 'कलाकृतीचा कर्ता कोण' हा प्रश्न घेतला. चित्र असेल, कविता असेल, तर उत्तर त्यातल्या त्यात सोपं असतं. आज आपण एक अवघड उदाहरण घेणार आहोत. ते लांबचं नाही. आपण बसलो आहोत मुलुंडला. इथून अंधेरी-वर्सोवा किंवा बोरिवलीच्या कुठल्याही इमारतीत गेलात, तर एखाद्या फ्लॅटमधली एक खोली अशी सापडेल की जिची खिडकी कायमची बंद आहे, भिंतींना फोमचे तुकडे लावले आहेत, आणि आत एक तरुण किंवा तरुणी कॉम्प्युटरवर चित्रपटाचा एकच तुकडा चाळिसाव्यांदा पाहते आहे. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की रेकॉर्डिंग थांबवायचं. ही मंडळी कमी खर्चाच्या स्वतंत्र चित्रपटांना पार्श्वसंगीत देतात. त्यांचं काम नेमकं काय, आणि झालेलं काम कोणाचं, हे दोन प्रश्न आज पाहू. दुसरा प्रश्न पोटापाण्याचा आहे, पण पहिला नीट समजल्याशिवाय तो कळत नाही.

आता 'पार्श्वसंगीत' ही पाश्चात्त्यांकडून आलेली चीज आहे असं आपल्याला उगीच वाटतं. भरताच्या नाट्यशास्त्राचा बत्तिसावा अध्याय ध्रुवागानाचा आहे. पात्र रंगमंचावर येताना गायची ती प्रावेशिकी, जाताना नैष्क्रामिकी. चालू असलेला भाव एकाएकी मोडून दुसरा आणायचा तर आक्षेपिकी. त्यानंतर प्रेक्षकाचं मन पुन्हा जागेवर आणायचं तर प्रासादिकी. आणि मध्येच काही पोकळी पडली, पात्र थकलं, खोळंबलं, तर ती झाकायला आंतरा. पाच प्रकार. गंमत पाहा, यात 'सुंदर चाल' असा प्रकार नाही. प्रत्येक ध्रुवेची ओळख तिच्या कामावरून आहे. आज दिग्दर्शक आणि संगीतकार शेजारी बसून चित्रपट थांबवत थांबवत पाहतात आणि 'इथे सुरू, इथे बंद' अशा खुणा करतात. त्याला ते स्पॉटिंग म्हणतात. भरतमुनींना ती बैठक अनोळखी वाटली नसती.

मग मधल्या काळात काय झालं? गाणं आलं. आपल्याकडे संगीत नाटक होतंच, ते बोलपटात शिरलं, आणि 'संगीतकार' म्हणजे गाण्याला चाल देणारा हा अर्थ पक्का झाला. त्यात वाईट काही नाही, आम्हीही त्याच गाण्यांवर वाढलो. पण त्यामुळे गाण्याखेरीजचं संगीत कोण करतो हे विचारायची सवय आपल्याला लागली नाही. मोठ्या चित्रपटांत आजही पुष्कळदा गाणी एकाची आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं असतं, आणि ते दुसरं नाव वाचायच्या आत आपण पार्किंगमध्ये पोचलेले असतो.

1974 साली श्याम बेनेगलांचा 'अंकुर' आला. त्यात नेहमीच्या अर्थाने गाणी नव्हती. संगीत वनराज भाटियांचं. हा माणूस लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेला, पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकलेला, दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलेला. आणि मुंबईत पोट कशावर चाललं? जाहिरातींच्या जिंगल्सवर. हजारो जिंगल्स. 'तमस'च्या संगीताला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण साबणाच्या जाहिरातीने घरभाडं दिलं. 2021 साली ते गेले, आणि शेवटची वर्षं त्यांना पैशाची ओढाताण सोसावी लागली हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलं आहे. पन्नास वर्षांत साधनं बदलली, टेपच्या जागी लॅपटॉप आला. पण अंधेरीतला आजचा स्वतंत्र संगीतकारही महिन्यातले वीस दिवस जाहिराती आणि कंपन्यांच्या फिल्म करतो, आणि उरलेल्या दहांत ते एक काम, ज्यासाठी तो खरं तर या शहरात आला.

आपल्याकडे भास्कर चंदावरकरांचं उदाहरण थोडं वेगळं आहे. रविशंकरांकडे सतार शिकलेले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षं शिकवलेले. 'घाशीराम कोतवाल', 'सामना', आणि अगदी शेवटच्या काळात 'श्वास'. 'श्वास'चा विषय आठवा. एका लहान मुलाची दृष्टी जाणार आहे, आणि ती जाण्याआधी आजोबा त्याला जग दाखवताहेत. म्हणजे थोड्याच दिवसांत या मुलाचं जग मुख्यतः ऐकण्याचं होणार. अशा चित्रपटात संगीतकाराने केव्हा बोलायचं? प्रेक्षक आधीच कासावीस झालेला असताना वर व्हायोलिनचा ताफा सोडायचा का?

इथे आपल्या शास्त्राची मदत घेऊ. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात सांगितलं की रस हा शब्दाने सांगता येत नाही, तो सूचित व्हावा लागतो. 'शृंगार, शृंगार' असं म्हणून शृंगार उत्पन्न होत नाही. पुढे मम्मटाने तर रसाचं नाव घेऊन रस सांगणं हे दोषांच्या यादीतच घातलं. स्वशब्दवाच्यता. आता सांगा, पडद्यावर आई रडते आहे आणि मागे सारंगी रडते आहे, हे दुसरं काय आहे? सारंगी म्हणते आहे 'करुण, करुण'. आमच्या मते चित्रपटसंगीतातला हा सर्वांत सार्वत्रिक दोष आहे. आणि तो संगीतकाराला कळत नाही असं नाही. निर्माता घाबरलेला असतो. प्रेक्षकाला समजलं नाही तर, या भीतीने तो म्हणतो, 'इथे जरा इमोशनल टाका ना.'

स्वतंत्र चित्रपटात ही भीती थोडी कमी असते. निदान पैसे तरी कमी लागलेले असतात! नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' पाहिला असेल. त्याचं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं. त्यातला सर्वांच्या लक्षात राहिलेला प्रसंग घ्या: जब्याचं कुटुंब डुकरामागे धावतंय, डुक्कर आता हाती लागणार, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर मात्र उभं राहत नाही. तिथे ऐकू येणारं संगीत संगीतकाराने रचलेलं नाही, ते त्या गावातच वाजतंय. पडद्यावर तो प्रसंग हसू आणतो आणि त्याच वेळी घशात अडकतो. राष्ट्रगीताच्या खाली किंवा शेजारी कोणी एक स्वर जरी धरला असता, तर प्रेक्षकाला आज्ञा झाली असती: हसा, नाही तर रडा. आता अशा ठिकाणी संगीतकाराने काय केलं? आम्ही म्हणतो, केलं. वाजवलं नाही हे त्या चित्रपटाच्या संगीतात मोजलं पाहिजे. नैयायिक अभावालाही पदार्थ मानतात. 'जमिनीवर घडा नाही' हे ज्ञान खरंखुरं ज्ञान आहे, कारण तिथे घडा असू शकला असता. त्या प्रसंगातली शांतता तशी आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 2014 चा 'कोर्ट' आणखी पुढे जातो. संगीत संभाजी भगत यांचं. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे मंचावर गातो, आणि कॅमेरा न हलता ते ऐकत राहतो. मात्र एकदा आपण न्यायालयात शिरलो की कागद, पंखा, वकिलांची इंग्रजी, तारखा. 'हा अन्याय आहे' असं सांगणारं वाद्य कुठेही नाही. त्याच्यावरचा आरोपच मुळी त्याच्या गाण्यामुळे आहे, तेव्हा गाणं हा इथे पुरावा आहे. पुराव्याला पार्श्वसंगीत कसं देणार?

बरं, हे झालं तत्त्व. प्रत्यक्ष काम कसं चालतं तेही पाहू, कारण तत्त्वज्ञानाच्या माणसांना कारागिरीचा कंटाळा असतो आणि तो बरा नव्हे.

पहिली अडचण टेंप ट्रॅकची. संकलन चालू असताना दिग्दर्शक कुठलं तरी आधीच असलेलं, बहुधा परदेशी आणि उत्तम, संगीत तात्पुरतं लावून ठेवतो. तीन महिने तेच ऐकतो. मग संगीतकार येतो, आणि त्याने काहीही केलं तरी दिग्दर्शकाला ते 'जरा वेगळं' वाटतं. मग सुरू होतं असंच हवं पण तेच नको. एक स्वर बदल, लय बदल, वाद्य बदल. थिसियसच्या जहाजाचं कोडं आपण मागे पाहिलं होतं, एकेक फळी बदलत गेलं तर जहाज तेच राहतं का. आनंद गांधींनी त्या नावाचा चित्रपटच 2012 साली केला. इथे कोडं उलटं आहे: दुसऱ्याच्या जहाजाच्या सगळ्या फळ्या बदलल्या, तर ते आता माझं झालं का?

काही दिग्दर्शक सरळ मार्ग घेतात. पायल कपाडिया यांच्या 2024 च्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये तोपशे यांचं संगीत आहे, आणि त्याबरोबर इथिओपियातल्या एक जोगीण, एमाहॉय त्सेगे-मरियम गेब्रू, यांचं पूर्वीच रेकॉर्ड झालेलं पियानोवादनही. मुंबईच्या पावसात, केरळहून आलेल्या नर्सच्या आयुष्यात इथिओपियाचा पियानो! कागदावर विचित्र वाटतं, ऐकताना वाटत नाही. कारण तो पियानो त्या बायकांना काय वाटतंय हे सांगायला जात नाही. स्वतःच्याच नादात असतो.

दुसरी अडचण मोजमापाची. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी जातात. मिनिटाला 60 मात्रांची लय धरली तर मात्रेला 24 चौकटी, 72 धरली तर 20, 80 धरली तर 18. संगीतकार असा हिशेब करून दार उघडण्यावर सम आणतो, किंवा मुद्दाम चुकवतो. आणि मग रात्री अकराला निरोप येतो, 'सीनमधल्या अकरा फ्रेम काढल्यात, बाकी सेम आहे.' अकरा चौकटी म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. 60 च्या लयीत जवळजवळ अर्धी मात्रा गेली. गवयाला अर्धी मात्रा गेली म्हणजे काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून जाणते लोक 'पिक्चर लॉक' झाल्याशिवाय कामाला हात घालत नाहीत. स्वतंत्र चित्रपटात लॉक हा शब्द शेवटपर्यंत सैलच असतो.

तिसरी गोष्ट पैशाची. बहुधा ठोक रक्कम ठरते. त्यातच बासरीवाला, स्टुडिओचे तास, मिक्सिंग, सगळं आलं. म्हणजे दोन खऱ्या वादकांना बोलावलं तर ते संगीतकाराच्या खिशातून. कॉम्प्युटरमधली व्हायोलिन्स फुकट पडतात. एकाच खऱ्या सारंगीवर भागवायचं, की तीस खोट्या व्हायोलिन्स लावायच्या, हा निर्णय सौंदर्यशास्त्राचा दिसतो, पण तो पुष्कळदा वीज बिलाच्या बाजूने होतो.

आता दुसरा प्रश्न, हे संगीत कोणाचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचा अर्थ 1977 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका बाजूला गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस, दुसऱ्या बाजूला चित्रपट निर्माते. निकाल असा की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक निर्माता. पैसे दिले, वस्तू घेतली, मिटलं. ही स्थिती पस्तीस वर्षं होती. 2012 च्या दुरुस्तीने ती बदलली. त्यामागे बरीच मागणी होती, राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ती लावून धरली. आता संगीतकाराने हक्क निर्मात्याला दिले तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा तो सोडूच शकत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, पण निर्मात्याला लिहून दिला तरी ते लिहिणं कायद्याने टिकत नाही. कायदा इथे माणसाला त्याच्या स्वतःच्या सहीपासून वाचवतो. स्वातंत्र्याच्या कल्पनेच्या दृष्टीने हे मजेशीर आहे. मिलला हे पटलं असतं का, यावर वर्गात एक तास निघेल.

चित्रपटगृहाचा अपवाद मात्र लक्षात घ्या. स्वतंत्र चित्रपट चित्रपटगृहात टिकतो किती? दुपारचा एक खेळ, एक आठवडा. त्याचं खरं आयुष्य दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर. म्हणजे ज्या कायद्याचा गाजावाजा गाण्यांसाठी झाला, त्याचा उपयोग या बंद खिडकीतल्या माणसालाही होऊ शकतो. त्यासाठी त्याने सोसायटीचं सभासद व्हायला हवं आणि प्रत्येक चित्रपटाची क्यू शीट भरून द्यायला हवी. कुठला तुकडा, कुठे सुरू, किती मिनिटं-सेकंद, कोणाचा. पुष्कळ जण ती भरत नाहीत. चित्रपट संपलेला असतो, निर्मात्याचा फोन लागत नाही, पुढची जाहिरात दारात उभी असते. या सभागृहात कोणी या व्यवसायात असेल, किंवा कोणाचा मुलगा-मुलगी असेल, तर एवढं घरी जाऊन जरूर सांगा: क्यू शीट लॉकच्या दिवशीच भरून घ्या, निर्मात्याची सही आणि आपली प्रत त्याच दिवशी.

आणि इथे आमची अडचण परत येते. क्यू शीटमध्ये वाजलेले सेकंद मोजतात. 'फँड्री'तल्या त्या उभ्या राहिलेल्या कुटुंबासाठी जो स्वर लावला गेला नाही, त्याची ओळ त्या तक्त्यात नाही. नैयायिकांनी अभावाला पदार्थ मानलं, आपल्या कायद्याने अजून मानलेलं नाही, आणि मानावं कसं हे आम्हालाही सुचत नाही. मिनिटांवर पैसे ठरले तर संगीतकार मिनिटं वाढवणार. ठोक ठरले तर निर्माता म्हणणार, एवढंच वाजवलंत? भाषांतरकाराची गत थोडी अशीच असते, त्याने गाळलेल्या शब्दाचे पैसे कोणी देत नाही. पुढच्या व्याख्यानात तोच विषय आहे. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत त्या ताईंचा हात मघापासून वर आहे.