बाभळीचे लाकूड : गुणधर्म व उपयोग

बाभूळ पेरून आंब्याची आशा करू नये, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे रूढ आहे. या म्हणीमुळे आणि अंगावरील काट्यांमुळे बाभूळ हे हलक्या प्रतीचे झाड समजले जाते. वस्तुतः महाराष्ट्राच्या पठारावरील शेती ज्या लाकडी अवजारांवर पिढ्यानपिढ्या चालली, त्यांतील पुष्कळशी याच झाडाची होती. गावच्या सुताराने बाभूळच का निवडली, हे उमगले म्हणजे पदार्थाचा गुण व त्याचा उपयोग यांतील संबंध विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखविता येतो.

लाकडाची घडण

बाभळीचे खोड आडवे कापले असता दोन भाग स्पष्ट दिसतात. बाहेरचा पांढरट भाग हे रसकाष्ठ व आतील तांबूस तपकिरी भाग हे मध्यकाष्ठ होय. मध्यकाष्ठास व्यवहारात गाभा म्हणतात. रसकाष्ठात पिष्टमय द्रव्य असल्यामुळे त्यास कीड लवकर लागते; गाभा मात्र टिकाऊ असतो. वाळलेल्या लाकडाचे वजन दर घनमीटरास सुमारे ८०० किलोग्रॅम भरते. सागाचे सुमारे ६५० किलोग्रॅम असते.

डेहराडून येथे १९०६ साली स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेने सागास १०० गुण देऊन भारतीय लाकडांची तुलना केली आहे. तीवरून असे दिसते की, कठीणपणात बाभूळ सागाच्या जवळजवळ दुप्पट असून धक्का सोसण्यातही ती सागापेक्षा बरीच सरस आहे. हवेतील ओलावा कमीजास्त होत असता आकार न बदलण्याच्या गुणात मात्र साग पुढे आहे. दारे-खिडक्यांस साग व गाडीच्या चाकास बाभूळ, ही जुनी वाटणी या गुणभेदास धरूनच झालेली आहे.

उपयोग

बैलगाडीचे चाक हे बाभळीच्या गुणांचे उत्तम उदाहरण होय. मधला तुंबा, त्यात बसविलेले आरे व त्यांभोवतालचे पुठे हे तिन्ही भाग बाभळीचे करीत. खडकाळ वाटेवर भरल्या गाडीचे चाक प्रत्येक दगडावर आदळते. ते आघात न तडकता सोसणारे लाकूड तेथे हवे असते. पुठ्यांवर बसवावयाची लोखंडी धाव तापवून फुगवितात, ती चाकावर चढवितात व लगेच पाणी ओततात. थंड होताना धाव आकसते आणि सर्व सांधे आवळले जातात. लाकूड ओले असताना चाक केल्यास ते पुढे वाळून आकसते व धाव ढिली पडते. यासाठी तोडलेले ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवण्याची व नंतर सावलीत वाळविण्याची पद्धत होती. पाण्यात ठेवल्याने रसकाष्ठातील पिष्टमय द्रव्य कमी होऊन किडीचे भयही घटते.

नांगर, कुळव, जू, कुऱ्हाडीचे व कुदळीचे दांडे, तेलघाण्याचे भाग, गुरे बांधावयाचे खुंट यांसाठीही हेच लाकूड वापरीत. जळण म्हणूनही ते उत्तम आहे. एक किलोग्रॅम वाळलेल्या लाकडापासून सुमारे ४,८०० ते ४,९५० किलोकॅलरी उष्णता मिळते. सालीत सुमारे १२ ते २० टक्के टॅनिन असल्याने ती कातडी कमावण्यास उपयोगी पडते. शेंगा व पाला शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात.

आजची स्थिती

लोखंडी अवजारे, रबरी चाके व ट्रॅक्टर आल्यानंतर या लाकडाचे मोल पुष्कळ अंशी जळणापुरते उरले आहे. अवजारास योग्य जाडीचे खोड तयार होण्यास सुमारे वीस वर्षे लागतात; ते तोडण्यास एक प्रहरही लागत नाही. कोणत्या कामास कोणते लाकूड, हे ज्ञान गावोगावच्या वृद्ध सुतारांपाशी आहे. ते वेळीच टिपून न ठेविल्यास त्यांच्याबरोबरच जाईल.

दुसरी अडचण ओळखीची आहे. ओसाड जागी झपाट्याने पसरणारी वेडी बाभूळ ही अमेरिकेतून आलेली निराळी जात आहे. आपल्या बाभळीची फुले पिवळी व गोंड्यासारखी गोल असतात, वेडीची लांबट तुऱ्यासारखी असतात. आपल्या बाभळीची शेंग प्रत्येक बीजाच्या दोन्ही बाजूंस आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी दिसते. एकीचा दोष दुसरीच्या माथी मारला जाऊ नये, यासाठी हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे अवश्य आहे.

पाठासाठी सूचना

१. बाभूळ, साग व पांगारा यांचे सारख्या आकाराचे वाळलेले ठोकळे सुताराकडून मिळवावेत. विद्यार्थ्यांकडून ते तोलवून घ्यावेत व नंतर पाण्यात सोडावेत. बाभूळ सर्वांत खोल बुडते, पांगारा बराचसा वर राहतो. यावरून घनतेची कल्पना सहज येते.

२. गावातील वृद्ध सुतारास शाळेत आदराने बोलवावे. नांगर व चाक यांच्या प्रत्येक भागाचे स्थानिक नाव, त्याचे लाकूड व ते निवडण्याचे कारण विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावे.

३. बाभळीच्या बीजाचे कवच कठीण असते. शेळ्यांच्या वाड्यात पडलेले बी लवकर रुजते. ते न मिळाल्यास कढत पाणी ओतून रात्रभर भिजविलेले बी घ्यावे. पावसाळ्याच्या आरंभी ते गायरानाच्या कडेस अथवा शेतकऱ्याच्या संमतीने बांधावर लावावे. आज पहिलीत असलेला विद्यार्थी पंचविशीत पोहोचेल, तेव्हा ते झाड कामास येण्याजोगे झालेले असेल.