तगरची बाजारपेठ

जुन्या शहरांतील पेठांतून हिंडताना खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे दृष्टीस पडतात. त्यांचे लाकडी खांब, दुकानापुढील ओटे आणि फळ्यांची दारे पाहिली, की तेथे पिढ्यानुपिढ्या चाललेल्या व्यापाराची कल्पना सहज येते. अशा काही पेठांची डागडुजी करून त्या जतन करण्यात आल्या आहेत. परंतु जिच्यातील एकही दुकान आज उभे नाही, अशी पेठ पाहावयाची असेल, तर ती कशी पाहावी? या प्रश्नाचे उत्तर धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी मिळते.

धाराशिव शहराच्या ईशान्येस सुमारे २० किलोमीटरांवर, तेरणा नदीच्या काठी तेर वसले आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. त्यांची समाधीही येथेच आहे. गोरोबाकाका ज्या मातीची मडकी घडवीत, त्याच मातीची भांडी, दिवे आणि मूर्ती घडविणारे कारागीर त्यांच्यापूर्वी हजाराहून अधिक वर्षे या ठिकाणी नांदत होते. त्या काळी या नगराचे नाव तगर असे होते.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दक्षिणेत सातवाहन राजांची सत्ता होती. त्या काळात ग्रीक भाषेत लिहिलेला ‘पेरिप्लस’ नावाचा एक ग्रंथ उपलब्ध आहे. समुद्रमार्गाने व्यापार करणाऱ्यांना कोणत्या बंदरात कोणता माल मिळतो, हे त्यात सांगितले आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून, तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे, असे तो ग्रंथकार म्हणतो. साधे कापड, तलम मलमल आणि इतर माल तगरहून गाड्यांत भरून भडोचला जात असे. म्हणजे बैलांच्या गळ्यांतील घुंगरे ऐकत गाडीवानांना सुमारे एक महिना अवघड वाटेने चालावे लागे. भडोचला तो माल जहाजांत चढे आणि परदेशची जहाजे तेथे मद्य, तांबे, कथील, पोवळी आणि सोन्यारुप्याची नाणी उतरवीत.

पुढे व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि तगरचे वैभव ओसरले. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, त्यामुळे नगराचे नाव मात्र टिकून राहिले. हे तगर नेमके कोठे होते, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कोणी जुन्नर म्हणे, कोणी दौलताबाद, तर कोणी कोल्हापूर. अखेर १९०१ मध्ये फ्लीट या संशोधकाने तेर हेच तगर होय, असे दाखवून दिले. पुढे १९५८ पासून येथे उत्खनने झाली आणि या मताला मातीनेच पुष्टी दिली.

त्या मातीतून निघालेल्या वस्तू तेरच्या शासकीय संग्रहालयात मांडलेल्या आहेत. तेथे रंगीबेरंगी मणी आहेत, मातीचे दिवे आहेत आणि शंखाच्या बांगड्याही आहेत. तेरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा हे शंख कोणा व्यापाऱ्याच्या गाडीतूनच आले असले पाहिजेत. रोमन नाण्यांच्या धर्तीवर बनविलेली मातीची पदके आणि रोमन मद्यकुंभांचे तुकडेही येथे सापडले आहेत. सर्वांत लक्षवेधक आहे ती एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये याच धाटणीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. इतक्या दूरच्या दोन नगरांचे नाते या दोन लहानशा मूर्ती सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या कापडामुळे तगरची कीर्ती सातासमुद्रांपलीकडे गेली, ते कापड मातीत कुजून नाहीसे झाले. त्याची हकीकत केवळ ग्रंथाने राखली. उलट, मणी पाडणारे आणि दिवे घडविणारे यांच्याविषयी ग्रंथ काही सांगत नाही. त्यांची साक्ष मातीने राखली. ग्रंथ आणि माती या दोघांचे बोलणे एकत्र ऐकले, म्हणजेच पेठ डोळ्यांसमोर उभी राहते.

गावातील त्रिविक्रमाचे विटांचे देवालयही आवर्जून पाहावे. मागील बाजूस अर्धगोल असलेली ही वास्तू महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या अतिप्राचीन देवालयांपैकी एक आहे. तेरच्या काही जुन्या विटा इतक्या सच्छिद्र आणि हलक्या आहेत, की त्या पाण्यावर तरंगतात!

ही पेठ पुन्हा दृष्टीस पडली, त्याचे मोठे श्रेय तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांना आहे. जुन्या वस्तीची पांढरी माती भिंतींना आणि धाब्यांना उपयोगी पडते, म्हणून ती खणून नेण्याची रीत खेड्यापाड्यांत होती. अशा मातीबरोबर किती मणी आणि किती नाणी नाहीशी झाली असतील, याची गणती नाही. इतरांना जी खापरे वाटत, त्यांचे मोल लामतुरे यांनी ओळखले आणि मोठ्या चिकाटीने त्या वस्तूंचा संग्रह केला. आज संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे.

जमिनीतून निघालेली वस्तू कोणत्या थरात आणि कोणत्या वस्तूंच्या शेजारी होती, यावरून तिचा काळ ठरतो. ती उचलून खिशात घातली, तर हातात केवळ एक मणी उरतो. त्याची कथा मात्र कायमची हरवते. म्हणून शेतात किंवा पडक्या गढीजवळ असे काही दिसले, तर ते जागेवरच राहू द्यावे आणि जाणत्यांना कळवावे. महाराष्ट्रातील कितीतरी गावांची पांढर अजून बोललेली नाही. तिचे बोलणे ऐकावयाचे, की ते भिंतीत लिंपून टाकावयाचे, हे त्या त्या गावच्या लोकांच्याच हाती आहे.