शरदातील घरगुती शोभा

पावसाळा सरला की घर नव्याने सजवावे, अशी प्रत्येक गृहिणीस हौस असते. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात फुलांचे भाव चढतात आणि बेताच्या मिळकतीत ती हौस मनातच राहते. थोडी दूरदृष्टी ठेवल्यास तसे होण्याचे कारण नाही.

झेंडूचेच पाहा. मूळचा हा मेक्सिकोकडचा. आता मात्र आपल्या अंगणात अगदी घरचा झाला आहे. गतवर्षीची देशी झेंडूची दोनचार फुले वाळवून ठेवली असली, तर बियाण्यास पैसा पडत नाही. जुलैच्या आरंभी बी पेरावे. रोप वीतभर वाढले की शेंडा खुडावा. त्याने फांद्या फुटतात व सुमारे दोन-अडीच महिन्यांत फुले हाती येतात.

शेतातला कुरडू शेतकऱ्यास तण म्हणून नकोसा असतो. त्याचे गुलाबी-पांढरे तुरे बी गळण्यापूर्वी, मालकास विचारून कापावेत. त्यात त्याचेही हित आहे. कुरडूचाच भाऊबंद जो बागेतला तांबडा कोंबडा, तोही असाच टिकतो. पाने काढून लहान जुड्या बांधाव्यात आणि दोन-तीन आठवडे सावलीत, वाऱ्यावर उलट्या टांगाव्यात. उन्हात रंग उडतो. जुडी दाट झाल्यास बुरशी येते. कापणीनंतर सांडलेल्या भाताच्या चार लोंब्या त्यांत खोवल्या की साधा तांब्यादेखील शोभू लागतो.

या कामी मुलांना अवश्य सोबत घ्यावे. विकतची फुले घटकाभरात घरी येतात. पेरलेल्या फुलाची वाट पाहावी लागते, आणि धीराचा हा धडा कोणत्याही दुकानात मिळत नाही.